एका पत्त्यावर दोन मशिनी

२४ सप्टेंबर २००८, बुधवार

चारही चालू! आणि चौघींपैकी एकीलाही वॉर्डातून हाक मारता येत नाही.

सर्व्हरच्या खोलीत बसून पाहिलं तर सगळं झकास. एका लोखंडी डब्याच्या पोटात चार मशिनी — नोंदणी, औषधं, वॉर्ड आणि लॅब. खऱ्या नाहीत, व्हर्च्युअल. पण प्रत्येकीला वाटतं आपलं बिऱ्हाड वेगळं आहे. लॅबच्या मशीनमधून वॉर्डातल्या कॉम्प्युटरला पिंग मारला, लगेच उत्तर आलं. उलट वॉर्डातून मारला — शुकशुकाट. दार फक्त आतून उघडतं! असं दार खरं तर मला घरी हवं आहे, पाहुणे यायचे दिवस आहेत.

वासुदेवराव डोकावून गेले. दवाखान्याच्या ट्रस्टचे अध्यक्ष, सिंदीतले कापसाचे व्यापारी. मशीन म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे सरकी काढायची जिनिंगच येते. "चार मशिनी होत्या, तू त्याची एक केली. अन् एकही चालून नाई राह्यली. हे कोनतं गनित आहे, रक्षा?" म्हटलं, काकाजी, रविवारपर्यंत थांबा. "थांबतो. मंग मी नागपूरवाल्याले बलावतो."

नागपूरवाला! म्हणजे कॉम्प्युटरचा ठेकेदार, आणि इथले कॉम्प्युटर सांभाळणारी मी घरी! मीच बैठकीत उभी राहून सांगितलं होतं की भारनियमनाने जुन्या मशिनी एकेक करून मरतील, एक चांगला सर्व्हर घ्या, मी बसवते. घे आता. बसव!

२५ सप्टेंबर

आज पण नाही. सिंदीहून परतताना पॅसेंजरला घरी वर्ध्यापर्यंत उभी. आईशी उगाच भांडले.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

सापडलं! मेलं एवढंसं होतं!

चौघींना मी सर्व्हरच्या आड ठेवलं होतं. बाहेरच्यांना फक्त सर्व्हर दिसायचा, त्यामागचं कोणी नाही. आज ब्रिज टाकला. म्हणजे सर्व्हरच्या नेटवर्क कार्डावरूनच प्रत्येकीला थेट रस्त्यावर दार, आणि प्रत्येकीला स्वतःचा पत्ता. पत्तेही जुन्या मशिनींचेच दिले! त्यामुळे वॉर्डातल्या एकाही कॉम्प्युटरला हात लावायला नको. त्या पत्त्यावरचं बिऱ्हाड बदललं हे कोणाला कळणारही नाही. ही माझी अक्कल. दुसरं कोणी म्हणणार नाही म्हणून मीच म्हणते — शाब्बास रक्षा!

लॅब सांभाळतो तो नीलेश. त्याला दाखवलं तर तोंड वाकडं करून म्हणाला, "ताई, हे तं पहिल्यासारखंच दिसून राह्यलं." अरे बाबा, तेच तर हवं होतं!

२८ सप्टेंबर, रविवार

झालं. जुन्या मशिनींमधलं सगळं जसंच्या तसं नवीन मशिनींत उतरवलं, जुन्या बंद केल्या, वायरी काढल्या आणि मागच्या अडगळीच्या खोलीत नेऊन ठेवल्या. लॅबची जुनी मशीन वासुदेवरावांनी आपल्या आईच्या नावाने दिलेली होती. तिच्यावर हात फिरवून म्हणाले, "हिले फेकजो नको." नाही फेकत, म्हटलं. काही बिनसलं तर तीच कामी येईल.

नागपूरवाला कटला!

३० सप्टेंबर, मंगळवार

घट बसले. घरात सकाळपासून एकच विषय — आदेश.

समुद्रपूरचं स्थळ. तिथल्या शाळेत विज्ञान शिकवतो, घरची शेती. पोळ्याच्या आधी मला पाहून गेले, नंतर दोनदा भेटलो, फोन तर रोजचाच. हसताना तोंडावर हात धरतो. आवडतो मला. लिहिलं एकदाचं.

पहिल्याच भेटीत मी सांगून टाकलं होतं — मी सिकलसेलची वाहक आहे. मला स्वतःला काही होत नाही. पण नवराही वाहक निघाला तर पोटी सिकलचं मूल येऊ शकतं. नलूमावशीचा मुलगा तसा आहे. दुखणं उठलं की हाडंन् हाडं ठणकतात, मग त्याला रडायचंही बळ राहत नाही. मी त्याचे पाय धरून बसलेली आहे. माझ्या पोटी तसं मूल नको. बाकी माणूस गरीब असो, काळा असो, घोरत असो — चालेल.

आदेश तेव्हा म्हणाला होता, "बरोबर आहे तुमचं. मीही करून घेतो तपासणी." अजून केलेली नाही. कधी शाळा, कधी फवारणी.

४ ऑक्टोबर, शनिवार

दुपारभर वीज नव्हती. जनरेटर चालू होईपर्यंत सर्व्हर यूपीएसवर तग धरून राहिला, चौघींना पत्ताही लागला नाही. वासुदेवरावांनी पेढे वाटले. नागपूरवाल्याचं नावही नाही!

बाबांनी समुद्रपूरला फोन करून स्पष्ट सांगितलं — दसऱ्याला बोलणी पक्की करू, पण आधी तपासणी. शाब्बास बाबा. आदेश बुधवारी येणार, आमच्याच दवाखान्यात.

८ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

निगेटिव्ह!! निगेटिव्ह निगेटिव्ह निगेटिव्ह!

सकाळपासून सांगते. वासुदेवराव ताट घेऊन सर्व्हरच्या खोलीच्या दारात. यंत्राची पूजा करायची. म्हटलं, करा, पण हळदकुंकू लांबून, आणि बंद करायची नाही. ते म्हणाले, पूजेत मांडलेलं यंत्र दसऱ्यापर्यंत चालवत नसतात, हलवतही नसतात, जिनिंगमध्ये आम्ही पट्टासुद्धा फिरू देत नाही. म्हटलं, काकाजी, इथे पट्टा थांबला तर दवाखाना थांबेल! दोघंही तापलो. शेवटी त्यांनीच तोड काढली — "मंग जुनी मांडतो. आईची." मी म्हटलं, खुशाल मांडा! आणि दार लावून घेतलं. आरतीची घंटा आतूनच ऐकली. प्रसाद मात्र खाल्ला.

दुपारी आदेश आला, सोबत त्याचे मोठे भाऊ. नीलेशने रक्त घेतलं. मी लॅबकडे फिरकले नाही, उगीच कोणाला काही वाटायला नको. औषधांच्या मशीनमध्ये डोकं घालून बसले, काय करत होते देव जाणे. मग नीलेश कागद हलवत आला. "ताई, पेढे सांगजो आता!" आदेश कागदाकडे पाहतच राहिला. दोनदा वाचला. त्याचे भाऊ हसायला लागले — "काऊन रे, मास्तर असून वाचता नाई येत का?"

मला रडू आलं. मुतारीत जाऊन रडले.

जाताना वॉर्डातून तक्रार — कालचे रिपोर्ट दिसत नाहीत. पाच मिनिटांनी दिसायला लागले. उद्या बघू. आज नाही!

९ ऑक्टोबर, दसरा

सगळे आले. आपट्याची पानं, श्रीखंड, गोंधळ. साखरपुडा, आमच्याकडचं साक्षगंध, दिवाळीआधीच्या रविवारी. आदेशच्या आईने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तो स्वतः गप्प होता. लाजत असेल.

पंगत बसली तेवढ्यात नीलेशचा फोन. "ताई, मशीन येडी झाली. आता होतं, आता नाई." म्हटलं, बंद करून चालू कर. वर आईचा डोळा — दसऱ्याला फोन!

१० ऑक्टोबर, शुक्रवार

वाईट दिवस.

लॅबची मशीन मागे जाते आहे! वॉर्डातून पाहिलं की ऑगस्टमधलं सगळं आहे, या महिन्यातलं जवळजवळ काही नाही. जरा वेळाने पाहिलं की सगळं आहे. मग पुन्हा नाही. मशिनी बदलल्या त्या दिवशी मी लॅबच्या मशीनचा स्नॅपशॉट घेऊन ठेवला होता — म्हणजे त्या क्षणी ती जशी होती तशी जपून ठेवलेली. मशीन आपोआप त्या जुन्या दिवसात घसरते आहे की काय? पुसून टाकणार होते, हात कळीवर होता. नाही पुसला. मग ब्रिज मोडून पुन्हा बांधला. केबल बदलली. स्विचमधली जागा बदलली. काही नाही.

बाळंतिणींच्या वॉर्डातले डॉक्टर सगळ्यांदेखत ओरडले — "मॅडम, पेशंटच्या जिवाशी खेळून राह्यल्या तुम्ही!" खरंच होतं.

एक विचित्र गोष्ट. वीज गेली, जनरेटर लागला, आणि सगळं सुरळीत! वीज असेपर्यंत घोळ, वीज गेली की शहाणपण. वीज परत आली, पुन्हा घोळ. असं कधी असतं का? आमच्याकडे वीज गेल्यावर सुधारणारी ही पहिलीच वस्तू.

गाडीत सुचलं. जनरेटरवर जे चालत नाही, त्या कशात तरी भूत आहे.

११ ऑक्टोबर, शनिवार

सापडलं. काल स्नॅपशॉट पुसला असता तरी काही सुधारलं नसतं, त्याचा दोषच नव्हता.

प्रत्येक नेटवर्क कार्डाला स्वतःचा नंबर असतो. लॅबच्या व्हर्च्युअल मशीनला तो मीच दिलेला, तोंडपाठ आहे. आज वॉर्डातून त्या पत्त्याला पिंग मारला आणि उत्तर कोणत्या कार्डाने दिलं ते पाहिलं. भलताच नंबर! माझ्या मशीनच्या पत्त्यावरून दुसरंच कोणी बोलत होतं. स्विचमधून एकेक वायर काढत गेले. एक काढली आणि सगळं गप्प, शहाणं. ती वायर जाते अडगळीच्या खोलीकडे.

किल्ली आनंदाबाईंच्या कमरेला. दवाखान्यातल्या सगळ्यात जुन्या आया. दसऱ्याला गावी गेलेल्या, आजच परत आल्या. त्यांच्यावाचून उत्तरपूजाही राहिलेली. दार उघडलं — टेबलावर सुकलेला झेंडू, विझलेली निरांजनं, आणि मधोमध आईची मशीन. कपाळाला कुंकू. चालू! पंखा घरघरत होता.

नीलेशला बोलावलं. तो पांढरा पडला. "काकाजी म्हने, बंद यंत्राची आरती काऊन करता, काम नका घेऊ, पन जीव असू द्या त्यात. चालू केली तं नेटवर्कच्या वायरीवाचून अर्ध्यातच अडकून राह्यली, पडद्यावर काईच नाई ये. मंग वायरही भितीतल्या सॉकेटात लावली. मले वाटलं, पूजेपुरती आहे." आरती झाली, आणि मांडलेलं हलवायचं नसतं म्हणून कोणी बंद केली नाही! वीज गेली की ती जायची, आली की उठायची. तिचा पत्ता तोच, जो मी मोठ्या अकलेने नव्या मशीनला दिला. विंडोजची असती तर 'हा पत्ता दुसऱ्याचा आहे' म्हणून पडद्यावर बोंबलली असती. ही जुनी लिनक्स, तोंड उघडत नाही. वॉर्डातला कॉम्प्युटर जिचं उत्तर आधी ऐकेल तिच्याकडे जायचा.

मी वायर उपसली. आनंदाबाई म्हणाल्या, "थांब वो माय, अक्षता तं टाकू दे." टाकल्या. मग कळ दाबली.

खूष व्हायला हवं होतं. पण नीलेश तिथेच उभा. म्हणाला, "ताई, नंबर."

लॅबचा नंबर रोज सकाळी एकपासून सुरू होतो. बुधवारपासून दोन मशिनी, आणि दोघीही एकपासून. म्हणजे एका दिवशी एकाच नंबरची दोन माणसं. रक्ताच्या नळीवर नाव नसतं, नंबरच असतो. नीलेशला एका नंबरच्या दोन नळ्या दिसल्या तर त्याला वाटलं, एकाच माणसाच्या दोन. तसं नेहमीच असतं. त्याने एक तपासली, निकाल भरला. वॉर्डातून ओरड आली की रिपोर्ट नाही, तर तोच निकाल पुन्हा भरला. दोघांनाही तोच.

बुधवारी सकाळपासूनच्या नंबरांची दोन्ही मशिनींतली नावं समोरासमोर लावली. अठरा नंबर दोन-दोन माणसांचे. त्यांतल्या एका नंबरावर — एकीत काजल, बाळंतपणाआधीच्या तपासणीला आलेली. दुसरीत आदेश.

दोघांचीही सिकलची तपासणी. तपासली एकच नळी. कोणाची, नीलेशला आठवत नाही. नळ्या केव्हाच फेकल्या.

१२ ऑक्टोबर, रविवार

वासुदेवरावांना सगळं सांगितलं. मला वाटलं, आता नागपूरवाला नक्की. त्यांनी जीपची किल्ली काढून टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "चूक माही. माही जीप घे. एकेकाले आन, पुन्हा रक्त घे." स्वतः फाटकाशी खुर्ची टाकून बसले, आलेल्या प्रत्येकाला हात जोडून सांगत होते.

आईला घरी सांगितलं. आदेशचं नावही त्यात आहे म्हटल्यावर तिने हातातलं लाटणं ठेवलं. "कागदावर निगेटिव्ह आहे नं? मंग काऊन उकरून काढतं? तुले लगन नाई करायचं का?" म्हटलं, आई, मावशीच्या पोराकडे पाहून बोल. पोळ्या जळल्या.

करायचं आहे ना मला लग्न! त्याच्याशीच करायचं आहे. म्हणून तर जीव टांगणीला लागलाय.

१३ ऑक्टोबर, सोमवार

काजल आली, नवऱ्याच्या मागे सायकलवर, एवढं मोठं पोट घेऊन. तिचं रक्त नीलेश तपासत होता आणि मी दाराशी. माझ्या मनात काय होतं ते लिहिते, कारण दुसरीकडे कुठे बोलता येणार नाही. हिचा पॉझिटिव्ह निघू दे, असं मी म्हणत होते. हिचा पॉझिटिव्ह निघाला तर तपासलेली नळी आदेशची ठरते, मग तो सुटला, मी सुटले. दिवस भरलेल्या बाईचं वाईट चिंतत होते मी! शी.

निगेटिव्ह निघाला. ती हसली, मीही हसले. म्हणजे काहीच ठरलं नाही. ती नळी तिचीही असेल, त्याचीही असेल.

आदेशला फोन केला. "सहामाहीचे पेपर आहेत. मंग येतो." म्हटलं, साक्षगंधाच्या आत हवं. "एकदा झाली नं तपासनी, रक्षा. निगेटिव्हच येईन." आवाज कसातरी होता. पेपरांनी थकला असेल.

बाकी सगळे येऊन गेले. तो एकटा राहिला.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

बाबांना विचारलं नाही, सांगितलं — उद्या मी नीलेशला घेऊन समुद्रपूरला जाते. तिथेच रक्त घेऊ. बाबा म्हणाले, "जाजो." आई तोंड फिरवून बसली.

भीती वाटते. मशिनींची कधी वाटली नाही एवढी.

१५ ऑक्टोबर, बुधवार

शाळेच्या मागे, लिंबाखाली. नीलेशने पेटी उघडली तर आदेशने बाही वर केलीच नाही. म्हणाला, "राहू दे. मी वाहक आहे. बीएडले होतो तवाच तपासलं होतं, दोनदा." म्हटलं, मग सांगितलं काऊन नाई? "तू नाई म्हटलं असतं." त्या दिवशी तो कागद वाचून त्याला वाटलं, देवानेच पाठवला.

एसटीत बसले. नीलेश खिडकीबाहेर पाहत राहिला, माझ्याकडे नाही.

घरी आई दारातच. त्याला आधीच माहीत होतं हे मी सांगितलं नाही. मशीन चुकली होती, तो वाहक आहे, साक्षगंध नको, एवढंच म्हटलं.